टायट्रेशनचं रीडिंग जुळत नाही? या चुका टाळा

अकरावीच्या प्रॅक्टिकलला हा प्रश्न दरवर्षी येतो: "सर, माझं 10.2 आलं, तिचं 10.8. बरोबर कोणाचं?" टायट्रेशन म्हणजे मोजून घेतलेल्या आम्लात अल्क थेंबथेंब सोडून, ते आम्ल संपायला किती मिली अल्क लागतं ते पाहणं; हे मिली म्हणजेच रीडिंग. ऑक्झॅलिक आम्ल दोघींचं एकाच बाटलीतलं, सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्कही तेच. फरक बहुतेक वेळा भांडी विसळतानाच पडलेला असतो.

ब्युरेट (अल्क सोडायची, खाली नळ असलेली मापाची उभी नळी) डिस्टिल्ड पाण्याने धुऊन तशीच भरली, तर आत चिकटलेलं पाणी अल्क पातळ करतं आणि रीडिंग वाढतं. म्हणून ब्युरेट त्याच अल्काने आणि पिपेट (आम्ल मोजून घ्यायची नळी) त्याच आम्लाने विसळून घ्या. ज्यात आम्ल घेऊन वरून अल्क सोडतो, त्या कोनिकल फ्लास्कचं मात्र उलट आहे. तो आम्लाने विसळलात, की मोजून घेतलेल्या 10 मिलीत न मोजलेलं आम्ल मिसळतं. तो नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा. आत पाणी राहिलं तरी बिघडत नाही, कारण त्याने आम्लाचे मोल, म्हणजे रेणूंची संख्या, बदलत नाहीत. हे कारण समजलेलं मूल पुन्हा चुकत नाही, म्हणून मी नियम सांगण्याआधी कारण विचारतो.

ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा असेल तर नळ झटक्यात उघडून तो आधी घालवा.

आता रंग. आम्ल संपल्याचं रंग बदलून सांगणाऱ्या फिनॉल्फथॅलिन या दर्शकाचा गर्द राणी रंग दिसायला छान, पण तो आला म्हणजे एंड पॉइंट (थांबायची खूण) केव्हाच मागे पडला. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवा. थेंब पडल्याजागी गुलाबी ठिपका उमटून रेंगाळायला लागला, की एकेक थेंबच सोडा; एक थेंब साधारण 0.05 मिली असतो. जेमतेम जाणवेल इतकी गुलाबी छटा हलवूनही 30 सेकंद टिकली, की थांबा. नंतर ती फिकी पडली तर घाबरून आणखी अल्क घालू नका; हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ती जाते.

"उदासिनीकरण झालं म्हणजे पीएच 7" हा समजही सोडा. इथे तयार होणारं सोडियम ऑक्झॅलेटचं द्रावण किंचित अल्कधर्मी असतं. म्हणूनच 8.2 ते 10 या टप्प्यात रंग बदलणारं फिनॉल्फथॅलिन जमतं. मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक मात्र 3.1 ते 4.4 मध्येच बदलतो, म्हणजे आम्ल संपायच्या आधीच.

रीडिंग जुळूनही उत्तर, म्हणजे काढलेली अल्काची तीव्रता, चुकलं असेल, तर वजन तपासा. बाटलीतल्या ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, त्यामुळे मोलर वस्तुमान (एका मोलचे ग्रॅम) 126 धरायचं, 90 नाही. 0.05 मोलरच्या (लिटरमागे 0.05 मोल) 250 मिलीसाठी 1.575 ग्रॅम लागतात. आणि एका मोल आम्लाला अल्काचे दोन मोल लागतात. हा 2 विसरला की उत्तर थेट निम्मं येतं.

पिपेट तोंडाने ओढू नका, रबरी बल्ब वापरा. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. आणि काम संपल्यावर ब्युरेटमध्ये अल्क तसंच ठेवू नका. काचेचा नळ असा काही घट्ट बसतो, की पुढच्या बॅचला तो फिरतच नाही.