चालू रॅकमध्ये कार्ड घालण्याआधी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत मेंटेनन्सला नव्याने लागलेल्या डिप्लोमावाल्यांना, कंट्रोल रॅकमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलताना, पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळतं, "चालूमध्येच काढ की, काय होत नाही." दहातल्या नऊ वेळा खरंच काही होत नाही, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे.

कार्डाच्या तोंडाशी 470 मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर असतो. 24 व्होल्टच्या बसला, म्हणजे सगळ्या कार्डांच्या सामाईक पुरवठ्याला, तो टेकला की क्षणभर शॉर्टसारखाच वागतो. एसएमपीएसला (रॅकला 24 व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायला) करंट लिमिट आहे, मग भीती कसली, असं वाटेल. पण पहिल्या क्षणी हा करंट एसएमपीएसकडून फारसा येतच नाही, मुख्यतः शेजारच्या कार्डांच्या कपॅसिटरमधून येतो! रॅकमध्ये तशीच तीन कार्डं असतील तर 1410 मायक्रोफॅरडमधला चार्ज आता 1880 मध्ये वाटला जातो: 24 × 1410 ÷ 1880, म्हणजे 18 व्होल्ट. पुरवठा 15 टक्के खाली चालेल असं डेटाशीटवर लिहिलं असलं तरी ती मर्यादा 20.4 ची. एसएमपीएस सावरेपर्यंत शेजारचं कार्ड रीसेट झालेलं असतं, आणि तुम्ही बिघाड नव्या कार्डात शोधत बसता. मल्टिमीटरवर हे दिसणार नाही. ऑसिलोस्कोप शेजारच्या कार्डाच्या 24 व्होल्टवर लावा, पडत्या कडेवर 21 व्होल्टला सिंगल ट्रिगर (घसरण एकदाच टिपणारा) ठेवा आणि मग कार्ड घाला.

मोठा एसएमपीएस बसवणं हा उपाय नव्हे. उलट शॉर्ट झाल्यावर तो बॅकप्लेनचा (कार्डं ज्यात बसतात त्या मागच्या बोर्डाचा) ट्रॅक जाळायला जास्त करंट देतो. प्रत्येक स्लॉटला वेगळा फ्यूज हवाच.

खरा उपाय कार्डावरच: हॉट-स्वॅप कंट्रोलर (चालूमध्ये कार्ड घालताना करंट आवरणारी आयसी) आणि तिच्या ताब्यातला मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. कपॅसिटर 10 मिलिसेकंदांत सावकाश भरला तर करंट साधारण 1.1 अॅम्पिअर. इथे मात्र नवा माणूस हमखास फसतो. मॉस्फेटवर 100 अॅम्पिअर लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. तो आकडा पूर्ण उघडलेल्या मॉस्फेटचा. भरताना तो अर्धवट उघडा असतो; सुरुवातीला 24 व्होल्ट आणि 1.1 अॅम्पिअर, म्हणजे 27 वॅट त्याच्याच अंगावर. डेटाशीटमधल्या सेफ ऑपरेटिंग एरियाच्या (किती व्होल्टला किती करंट किती वेळ सोसेल, त्या) आलेखात 10 मिलिसेकंदांची रेघ बघा, तीही गरम केसच्या तापमानाला उतरवून. कार्डावरचा लोड कंट्रोलरचा 'पॉवर गुड' (कपॅसिटर भरला) सिग्नल आल्याशिवाय सुरू करू नका, नाहीतर त्याचा करंटही त्याच मॉस्फेटमधून जातो. एनटीसीने (थंड असताना करंट अडवणाऱ्या, गरम झाल्यावर सोडणाऱ्या रेझिस्टरने) स्वस्तात भागवणारे भेटतील. कार्ड काढून लगेच परत घातलं की तो गरमच असतो आणि अडवत नाही.

कनेक्टरमध्ये ग्राउंडची पिन सर्वांत लांब, पुरवठ्याची मधली, इनेबलची (मॉस्फेटला चालू करायची) सर्वांत आखूड. ग्राउंड उशिरा लागलं तर करंट सिग्नलच्या पिनांतून वाट काढतो आणि आयसीच्या संरक्षक डायोडवर येतो. इनेबल शेवटी लागते आणि आधी सुटते, त्यामुळे काढतानाही मॉस्फेट वेळेत बंद होतो.

पिनांना पॉलिश पेपर मारणाऱ्यांचं ऐकू नका. फाउंड्रीची काळी धूळ आणि पावसाळ्याची ओल बसते हे खरं, पण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, एकदा घासला की गेला. रॅक बंद करून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा.

एवढं एकदा हातात बसलं की अवघड काही नाही. जुन्या रॅकमध्ये यातलं काहीच दिसलं नाही, तर शिफ्ट बदलताना पुरवठा बंद करा आणि कार्ड तेव्हाच बदला. सुपरवायझर कुरकुरला तरी चालेल.