मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये टेबलं जोडताय? 'की' (key) फील्डच्या या चुका टाळा

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलात दोघा बाळासो पाटलांचं दूध एकाच्याच नावावर पडलं. उत्पादकांचं टेबल आणि रोजच्या संकलनाचं टेबल मी नावावरून जोडलं होतं, चूक माझीच. 'बाळासो', 'बाळासाहेब' आणि 'बाळासो.' ही ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमला तीन माणसं दिसतात, आणि एकाच नावाची दोन माणसं एकच. आपल्याकडे अर्धी गल्ली एका आडनावाची, तिथं नाव हे 'की' म्हणून, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची खूण म्हणून, टिकणारच नाही.

मग मोबाइल नंबर? लाँग इंटिजर या पूर्ण आकड्यांच्या फील्डमध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच आकडा मावतो, ९८ ने सुरू होणारा नंबर बसतच नाही. शिवाय बापलेकांचा नंबर एकच असतो.

सगळ्यात फसवा असतो तो सभासद क्रमांक. तो एकमेव असतो, म्हणून की करावासा वाटतो. पण सभासद वारले की ४७ नंबर मुलाकडे जातो आणि वडिलांचं जुनं दूधही मुलाच्या नावावर दिसायला लागतं. म्हणून 'उत्पादक_आयडी' हे ऑटोनंबर फील्ड (ज्यात ॲक्सेस स्वतःच आकडा टाकतो) प्रायमरी की, म्हणजे टेबलाची मुख्य की, ठेवा आणि सभासद क्रमांक साधं फील्ड. मुलासाठी नवी ओळ करा, त्यात ४७ लिहा आणि वडिलांच्या ओळीत बंद झाल्याची तारीख टाका. बिलावर ४७ च छापा, आयडी कुणाला दिसायची गरज नाही. अर्धवट नोंद रद्द केली की ऑटोनंबरमधला एखादा आकडा गळतो. गळू दे, तो भरून काढायच्या नादी लागू नका.

संकलनाच्या टेबलात उत्पादक, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ मिळून की केली, तर गाईचं दूध घातल्यावर त्याच माणसाचं म्हशीचं दूध ॲक्सेस घेत नाही. तिथंही ऑटोनंबरच ठेवा, आणि दुबार नोंद अडवायला दुधाचा प्रकार धरून चार फील्डांचा युनिक इंडेक्स करा.

रिलेशनशिप जोडताना डेटा टाइप जुळत नसल्याचा मेसेज आला, तर संकलनातल्या उत्पादक_आयडीची फील्ड साइज बघा. ऑटोनंबरच्या समोर नंबर, लाँग इंटिजर हवं. एक्सेलमधून आणलेला आकड्यांचा कॉलम ॲक्सेस बहुतेक वेळा डबल करून ठेवतो, तिथंच घोडं अडतं.

टाइप जुळूनही रेफरेन्शियल इंटिग्रिटी (उत्पादक नसलेली नोंद अडवणारा नियम) लागत नसेल, तर बहुतेक वेळा संकलनात बेवारस नोंदी असतात, म्हणजे ज्यांचा आयडी उत्पादकांच्या टेबलात नाही अशा. 'फाइंड अनमॅच्ड क्वेरी विझार्ड' चालवा, त्या लगेच सापडतात. संकलनातल्या उत्पादक_आयडीच्या डिफॉल्ट व्हॅल्यूत (आपोआप भरल्या जाणाऱ्या आकड्यात) ० असेल तर तो काढा, कारण ० आयडीचा उत्पादक नसतोच. हे सगळं फाइलची कॉपी ठेवूनच करा. आणि 'कॅस्केड डिलीट'वर टिक करू नका. एक उत्पादक उडवला की त्याच्या सगळ्या वर्षांचं दूध त्याच्याबरोबर पुसलं जातं.