जुन्या प्युजो ३०९ चा मागचा अ‍ॅक्सल कसा तपासावा

प्युजो ३०९ भारतात कल्याणच्या कारखान्यात तयार होई. १९९० च्या दशकातील अशी गाडी नाशिकमध्ये विक्रीला दिसल्यास आधी मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे मागची चाके जोडणारा सांगाडा, तपासावा. युरोपातील १.९ लिटरच्या जीटीआयने (याच गाडीच्या वेगवान आवृत्तीने) वळणांवर जी ख्याती मिळवली, तिच्यात या अ‍ॅक्सलचा मोठा वाटा होता.

गाडी सपाट जागी उभी करून मागून पाहावे. चाके वरच्या बाजूने आत झुकलेली असतील, तर ट्रेलिंग आर्ममधील (चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यातील) नीडल बेअरिंग, म्हणजे बारीक सुईसारख्या रोलरचे बेअरिंग, झिजल्याची दाट शक्यता असते. मग पुढच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून ठेवायचे ठोकळे) लावून, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवावी आणि प्रत्येक चाक वरून-खालून धरून हलवावे: केवळ चाक खुळखुळले तर दोष हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) बेअरिंगचा, संपूर्ण आर्म हलला तर अ‍ॅक्सलचा. आर्म ज्यावर फिरतो तो शाफ्टही झिजला असल्यास तो नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील कुशल टर्नरला (लेथवर काम करणाऱ्या कारागिराला) दाखवूनच किंमत ठरवावी.