गुलाबी संध्याकाळ: रोझे कशी निवडावी, कोकमाचं कॉकटेल कसं जमवावं

दुकानात गेलं की ठरलेला सल्ला मिळतो, "बाईमाणसासाठी ना? मग गुलाबी न्या, गोड असते." तो तिथेच सोडून या. रंगाचा आणि गोडीचा संबंध नाही. रोझे म्हणजे गुलाबी वाईन, आणि ती काळ्या द्राक्षांचीच होते. साल रसात काही तासच राहते, म्हणून रंग पुरता उतरत नाही, एवढंच. गोडी ठरते ती आंबताना साखर किती उरली यावर. १९७५ साली कॅलिफोर्नियात सटर होम या कंपनीच्या वाईनचं आंबणं मध्येच थांबलं, साखर उरली आणि ती गोडसर गुलाबी 'व्हाइट झिनफँडेल' भरपूर खपली. गुलाबी म्हणजे गोड, हा समज तिच्यामुळे फार पसरला.

आधी जेवण ठरवा, मग बाटली. तिसऱ्यांचं सुकं किंवा रव्यात तळलेली सुरमई असेल तर ड्राय, म्हणजे गोडी न उरलेली, रोझे घ्या. बांगड्याचं तिखलं असेल तर थोडी गोडसर घ्या, कारण दारूने तिखट आणखी झोंबतं आणि मग वाईनची चवच कळत नाही. बाटलीची मागची चिठ्ठी वाचा. तिच्यावरचं द्राक्षतोडीचं वर्ष ताजंच हवं. आपल्याकडे द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. नाशिकची असो की अकलूजची, तीन-चार वर्षं फळीवर उभी असलेली रोझे घेऊ नका. ती मुरत नाही, नुसती शिळी होते.

गोव्यात स्वस्त मिळते म्हणून तिकडून बाटली आणायचा मोह टाळा. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. वाईन प्यायला वयाची २१ आणि जिनला २५ वर्षं पूर्ण हवीत, हेही लक्षात असू द्या. किनाऱ्यावर बाटली उघडू नका. आपली पडवी त्याहून निवांत असते, आणि वाळूत काच राहिली तर सकाळी रापण ओढणाऱ्यांच्या पायात जाते.

गार करायला बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. वीस मिनिटं.

आता कॉकटेल. इथे मी तीन वर्षं अडले होते, म्हणून सविस्तर सांगते. गुलाबी कॉकटेल म्हटलं की लोक बाटलीतलं गुलाबाचं सरबत नाहीतर स्ट्रॉबेरीचं सिरप ओततात. घरच्या परसात रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड असताना हे कशाला? पण कोकमही सरळ हाती लागत नाही. पहिल्या वर्षी, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, मी आगळाचे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचे, दोन मोठे चमचे जिनमध्ये ओतले आणि वर ग्लासाच्या काठाला मीठही लावलं. यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि पाणी मागितलं. आगळ मिठावरच टिकतं, हे मला माहीत होतं. पण सोलकढीत ते मीठ नारळाच्या दुधात मुरतं आणि जिनमध्ये उघडं पडतं, हे कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी अमृत कोकम घेतलं. ते इतकं गोड की तोडायला लिंबू पिळलं, मग आणखी पिळलं, आणि शेवटी लिंबाचंच सरबत झालं. कोकम फक्त रंगापुरतं उरलं.

वाट दाखवली सासूबाईंनी. त्यांनी बिनमिठाची सुकी सालं काढून दिली. बाजारात नुसतं 'आमसूल' मागितलंत तर बहुधा मीठ लावलेलंच मिळेल. 'बिनमिठाचं' असं स्पष्ट सांगा आणि एक साल चाखून मगच घ्या. आठ-दहा सालं वाटीभर कोमट पाण्यात दोन तास भिजवा. उकळू नका, उकळलं की तुरटपणा पाण्यात उतरतो. भांडं काचेचं किंवा स्टीलचं हवं, ॲल्युमिनियमचं अजिबात नको. मग सालं हाताने कुस्करून पाणी गाळून घ्या.

दोघांसाठी दोनदा करा, एकदम नको. एका ग्लासाला कोकमाचं पाणी ३० मिलि, साखरेचा पातळ पाक २० मिलि, जिन ४५ मिलि. आणि आता आगळ, फक्त चार-पाच थेंब. हे थेंब वगळू नका; तेवढ्या मिठानेच कोकम जिभेवर उठून दिसतं. झाकणाच्या बरणीत बर्फ घालून बरणी हाताला बधिर लागेपर्यंत हलवा, गाळून ग्लासात ओता आणि मग ९० मिलि सोडा. सोडा नेहमी शेवटी, आणि ओतल्यावर चमचा एकदाच फिरवा. बाटलीवरचे घटक वाचून घ्या. काही सोड्यांत खाण्याचा सोडा असतो. कोकमाचा लाल रंग आंबटपणावर टिकतो आणि असल्या सोड्याने तो झाकोळतो.

जिनऐवजी रोझेतच कोकम घालू का, असं मैत्रिणी विचारतात. नका घालू. आंबटात आंबट जातं आणि चांगली वाईन वाया जाते. सोलकढीतही जिन नको. सोलकढी भाताबरोबर वाटीत असू द्या.

आधी कॉकटेल, एकेकच. रोझे जेवणाबरोबर. ७५० मिलिच्या बाटलीत पाच ग्लास होतात आणि दोघांनी ती संपवलीच पाहिजे असं नाही. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या माशांबरोबर चांगली लागते. कोकमाचं पाणी उरलं तर त्यात साखर, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घालून सकाळचं सरबत करा.