निराधारचा अर्ज दिलात? झेरॉक्सवर पोच घ्या

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला दिला, आणि महिन्यानं ‘सापडत नाही’ ऐकलं. माझ्या काकांनी मराठवाड्याच्या उन्हात काठी टेकत तीन चकरा मारल्या.

१. दिव्यांग म्हणून अर्ज असेल तर ४० टक्के किंवा जास्तीचं दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक आणि भरलेला अर्ज, सगळ्याचे दोन संच करा.

२. दुसऱ्या संचाच्या पहिल्याच पानावर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. शिक्का पुसट उठला तर तिथंच पुन्हा मारून मागा. लाजू नका, हा तुमचा हक्क आहे.

३. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. तोंडी नकार अपिलात दाखवणार कसा?

मूळ प्रमाणपत्र फक्त दाखवा, कुणाकडं ठेवू नका.