टिलर उलटा ढकला: नॅरोबोटच्या दोन दिवसांच्या कोर्सचा अनुभव

मी दौंडकडची. कालवा म्हटलं की मला पाटकरी आठवतो, उन्हाळी आवर्तन आठवतं आणि ‘पाटात उतरलात तर तंगडं मोडीन’ म्हणणारी आजी आठवते. इंग्लंडमध्ये आल्यावर कालव्यात बोटी चालताना, लोक त्यांत राहताना पाहिले, तेव्हा आधी हसूच आलं. मग एका वर्षी आम्हीच आठवडाभर नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांब-अरुंद बोट, भाड्याने घ्यायचं ठरवलं आणि कळलं, की हौसेखातर बोट चालवायला इथे परवाना लागत नाही. बोटवाले तासाभरात सगळं दाखवतात आणि किल्ली हातात ठेवतात. 57 फूट लांब, 15 टनांच्या आसपास वजनाची पोलादी बोट, आणि शिकवणी एक तास! नवरा म्हणाला, “जमेल गं.” मी कोर्स लावला. दोघांचा.

रॉयल यॉटिंग असोसिएशनचा ‘इनलँड वॉटरवेज हेल्म्समन’ हा तो कोर्स. पूर्वअनुभव लागत नाही, लेखी परीक्षा नसते. शिक्षक तुम्हाला हाताळताना बघतात आणि प्रमाणपत्र देतात. आमचा कोर्स नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ब्राउन्स्टनला होता. तिथे ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन कालवा एकमेकांना मिळतात, त्यामुळे वर्दळ भरपूर. नवशिक्याला वर्दळ नको वाटते, पण शिकायला तीच बरी.

शनिवारी सकाळी इंजिनाचं तेल-पाणी, दोऱ्या, गाठी. यातली एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: मागच्या डेकखाली वीड हॅच असतं, बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यात अडकलेल्या पिशव्या आणि चिंध्या काढायचं झाकण. हात घालण्याआधी इंजिन बंद करून किल्ली खिशात. काम झालं की झाकण घट्ट. सैल राहिलं आणि इंजिन सुरू केलं, तर पंखाच पाणी आत फेकतो आणि बोट बुडते.

मग टिलर. बोटीच्या मागच्या टोकाला उभं राहून एका दांड्याने ती वळवायची. दांडा डावीकडे ढकलला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे जाते. हे वाचायला सोपं आहे. पहिल्या पुलाकडे जाताना नाळ डावीकडे सरकायला लागली, मी गाडीच्या सवयीने हात उजवीकडे नेला, ती आणखी डावीकडे गेली, मी आणखी जोर लावला आणि आम्ही सरळ बोरूच्या बेटात घुसलो. शिक्षक शांतपणे म्हणाले, “ज्याला धडकायचं नाही, त्याच्याकडे टिलर वळवायचा.” डावं-उजवं विसरले आणि हे एक वाक्य धरलं, तेव्हा कुठे बोट ऐकायला लागली.

दुसरी गंमत म्हणजे बोट मधल्या बिंदूभोवती फिरते. नाळ उजवीकडे गेली की तुम्ही उभ्या आहात ते मागचं टोक डावीकडे झोकतं. आणि सगळं उशिरा होतं. टिलर ढकलल्यावर आधी काहीच घडत नाही, मग एकदम जास्त घडतं. म्हणून थोडा ढकला, थांबा, वळायला लागली की परत मध्ये आणा. ब्रेक नाही, थांबायचं तर रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू मुकं होतं. शिवाय त्या वेळी टिलरच्या फिरण्याच्या कक्षेत उभं राहायचं नाही. सुकाणू तळाला अडकलं तर दांडा असा फिरतो की माणूस पाण्यात.

वेगमर्यादा ताशी 4 मैल. चालण्याइतकी! तीसुद्धा बहुतेक वेळा जास्तच ठरते. कालवा उथळ असतो. गॅस वाढवला की बोट मागून खाली बसते, काठावर लाट फुटते आणि वेग मात्र तेवढाच. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद ठेवा, नाहीतर त्यांच्या दोऱ्या ताणतात, आतल्यांचा चहा सांडतो आणि ते बाहेर येऊन तुम्हाला ऐकवतात. आम्हाला दोनदा ऐकवलं.

जेवणाआधी हात साबणाने धुवा, जखमेवर पट्टी लावा. मुंबईच्या पावसाळ्यात ज्या लेप्टोची भीती, तोच इथल्या पाण्यातही असू शकतो.

रविवारी ब्राउन्स्टनची 6 लॉक. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट: खोल दगडी हौद, दोन्ही टोकांना दरवाजे, आणि पाणी सोडायच्या झडपा, त्यांना इथे पॅडल म्हणतात. विंडलास नावाच्या काटकोनी लोखंडी हँडलने त्या उघडायच्या. चढताना शिक्षकांनी बोट एका भिंतीला लावली आणि आधी बोटीच्या बाजूचीच झडप उघडायला लावली. मला उलटं वाटलं होतं. पण पाणी बोटीखालून जाऊन समोरच्या भिंतीवर आपटून परत येतं आणि बोटीला आपल्या भिंतीशी दाबून धरतं.

वर गेल्यावर 1796 साली खुला झालेला बोगदा, लांबी 2042 यार्ड, मध्ये थोडा वाकडा. समोरून बोट येऊ शकते, आणि आलीच. तिच्या दिव्याकडे बघत राहिलात तर तिकडेच जाल. आपल्या भिंतीवर लक्ष ठेवा.

नॉर्टन जंक्शनला बोट वळवून परत आलो आणि मग उतरणं. धोका इथे आहे. वरच्या दरवाज्याखाली हौदात एक दगडी पायरी पुढे आलेली असते, तिला सिल म्हणतात. हौद भरलेला असताना ती दिसत नाही. पाणी उतरताना बोटीचं मागचं टोक तिच्यावर अडकलं, तर नाळ खाली जात राहते आणि बोट पुढून भरते. काठावर पांढरी रेघ असते; टिलरवाल्याने सबंध वेळ तिच्या पुढेच राहायचं. तिसऱ्या लॉकमध्ये मी नवऱ्याशी बोलत होते. बोट हळूच मागे सरकली. शिक्षकांचा आवाज पहिल्यांदा चढला: “पुढे घ्या!” मी मान वळवली तर रेघ माझ्या कोपरापाशी होती. अडकलीच असती, तर खालच्या झडपा ताबडतोब बंद आणि वरच्या उघडून हौद परत भरायचा, हे त्यांनी नंतर चहा पिताना आम्हा दोघांकडून तीनदा म्हणून घेतलं.

कोर्स निवडताना एका बोटीवर किती शिकाऊ आहेत ते विचारा. आम्ही चौघं होतो, त्यामुळे टिलरवर रोज पाव दिवसच आला. दोघांचा असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्या. लॉक असलेला मार्ग आहे का, तेही विचारा. नुसती सपाट फेरी असेल तर मला तरी पैसे वाया वाटतील. जोडीने जाणार असाल तर दोघांनीही दोन्ही कामं शिका. इथे बहुतेक बोटींवर नवरे टिलर धरून उभे आणि बायका जड दरवाजे ढकलताना दिसतात. हे वाटप कोणी केलं देव जाणे.

बोट काठाला लागताना उडी मारायची नाही, पायाने बोट अडवायची नाही. 15 टन कोणाच्या पायाला ऐकत नाहीत. जाड तळव्याचे, न घसरणारे बूट घाला, हातमोजे न्या. आणि विंडलास एकाऐवजी दोन घ्या. माझा चौथ्या लॉकच्या तळाशी आहे.