मुलींच्या आयटी नोकऱ्या आणि कपाटातले करार: या चुका टाळा

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंटचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सगळ्यात आधी हातात पडली एका कपाटाची किल्ली. आत कंपन्यांबरोबरच्या सामंजस्य करारांच्या सतरा फायली. प्रत्येकीत सह्या, शिक्के आणि पुष्पगुच्छ देतानाचे जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या समितीला दाखवायला. या सतरापैकी किती कंपन्यांनी आमच्या एखाद्या तरी मुलीचा कोड उघडून वाचला, हे शोधायला बसले. उत्तर निघालं दोन.

करार झाला म्हणजे काम झालं असं समजणं

करार होतो एचआरशी आणि कोड वाचणारा माणूस बसतो भलत्याच मजल्यावर. त्याला कराराचा पत्ताच नसतो. म्हणून आता सहीच्या आधी, मुलींचा कोड वाचायला, मी तीनच गोष्टी मागते: एका डेव्हलपरचं नाव, आठवड्यातला एक वार आणि एक तास. मोठ्या कंपन्या इथे अडखळतात. तीस माणसांची एखादी छोटी कंपनी मात्र ‘गुरुवारी पाच वाजता चालेल का?’ असं विचारते. मला तीच हवी असते.

पुण्यात 1991 साली महर्षी कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेने कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीने मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं केलं. तेवढा हात देणारी कंपनी प्रत्येक कॉलेजच्या नशिबी नसते. गुरुवारचा एक तास मात्र मागता येतो.

चौघांच्या ग्रुपमध्ये मुलीच्या वाट्याला ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील रिपोर्ट)

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि कॉलेजच्या कुठल्याच कागदावर दिसत नाही. एका मॉक इंटरव्ह्यूत मी विचारलं, “प्रोजेक्टमध्ये काय केलंस?”

“मॅडम, आम्ही हजेरीची सिस्टिम केली. चेहरा ओळखणारी.”

“आम्ही नको. तू काय केलंस?”

बराच वेळ गप्प. मग हळूच, “रिपोर्ट, पीपीटी आणि थोडं टेस्टिंग.”

वर्गात पहिल्या तिघांत असणारी ही मुलगी. तिला कोड येत नव्हता असं नाही. कोडिंग व्हायचं रात्री, मुलांच्या हॉस्टेलवर. लॅबला साडेपाचला कुलूप आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट आठला बंद. सकाळी ती येईपर्यंत निम्मा प्रोजेक्ट लिहून झालेला असायचा, मग उरायचं ते ब्लॅक बुक. आणि ‘तिचं काम नीटनेटकं असतं’ म्हणून आम्ही शिक्षकही ते कौतुकाने तिच्याकडेच द्यायचो.

उपाय फारसा खर्चिक निघाला नाही. मंगळवारी आणि गुरुवारी लॅब रात्री नऊपर्यंत उघडी, सोबत एक महिला कर्मचारी, आणि रेक्टरबाईंना प्राचार्यांचं लेखी पत्र. तोंडी परवानगी पहिल्याच पालकाच्या फोनला विरघळते, हा अनुभव. दुसरं म्हणजे गिटहबवर, जिथे कोड ठेवतात त्या साइटवर, ग्रुपचं एकच खातं बंद. ज्याने त्याने आपल्या नावाने कमिट करायचं (कोडमधला बदल नोंदवायचा), आणि कंपनीचा माणूस पुल रिक्वेस्ट (आपला कोड तपासून मूळ प्रोजेक्टमध्ये घ्या, ही विनंती) बघणार ती प्रत्येकाची वेगळी.

पुढच्या बॅचने तीच हजेरीची सिस्टिम पुढे चालवली. दोन वर्गांची हजेरी एकाच क्षणी भरली की एकाची नोंद पुसली जायची. ज्या मुलीकडे हा भाग होता तिला गुरुवारच्या माणसाने उत्तर दिलं नाही, नुसतं विचारलं, “दोघांनी एकदम जुनी यादी वाचली आणि दोघांनी आपापली परत लिहिली, तर काय होईल?” चार दिवस ती त्याच्याशीच झटापट करत होती. नंतर इंटरव्ह्यूत ती या एकाच बगवर वीस मिनिटं बोलली. ग्रूमिंगच्या कुठल्याही वर्कशॉपने हे साधलं नसतं. (आणि 8 मार्चला गुलाबाचं फूल देऊन तासभर व्याख्यान, हे तर आता मुलीच हसण्यावारी नेतात.)

इंटर्नशिप म्हणजे सर्टिफिकेट

राज्य सरकारने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं. मोठा आधार झाला. पण बिनपगारी इंटर्नशिपसाठी पुण्यात राहायचं तर पीजीचं भाडं, मेस आणि बस यांचा भार कोण उचलणार? घरचे म्हणतात, राहू दे. मग मुलगी कुठूनतरी हजार-दीड हजारात सर्टिफिकेट विकत आणते, आम्ही ते फाइलला लावतो, आणि इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला सगळं उघडं पडतं.

म्हणून स्टायपेंड नसेल तर इंटर्नशिप आमच्याच लॅबमधून, कंपनीचं काम, कंपनीचा रिव्ह्यू, असं करारातच लिहून घ्यावं. आणि मुलगी कंपनीत जाणार असेल तर तिथल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचं नाव आधी मागून घ्यावं. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि अप्रेंटिसही येतात, पगार असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी ही समिती असायलाच हवी. हे विचारल्यावर ज्या कंपनीचा सूर बदलतो, तिथे मी मुली पाठवत नाही.

अभ्यास मंडळाची खुर्ची वाया घालवणं

स्वायत्त कॉलेजच्या, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळात उद्योगातली एक आणि माजी विद्यार्थ्याची एक जागा असते. दोन्हींवर बहुधा कुणी वजनदार साहेब बसतो, चहा घेतो, सही करतो. माजी विद्यार्थ्याच्या जागेवर चार-पाच वर्षं नोकरी केलेली आपलीच मुलगी आणा. पहिल्याच नोकरीत काय आलं नाही, हे तिला अजून ताजं आठवत असतं.

ऑफर मिळाली, मुलगी रुजू झाली नाही

आकड्यांत ही मुलगी ‘प्लेस्ड’ दिसते, म्हणून हा घोळ कळतच नाही. पोस्टिंग चेन्नई किंवा हैदराबाद आलं की घरात चर्चा सुरू होते, आणि जूनमध्ये कळतं की लग्न ठरलं. आम्ही ऑफर लेटरचा फोटो काढून मोकळे झालेलो असतो.

वडिलांना समजवायला मी स्वतः फोन करायचे, त्याचा उपयोग झाला नाही. ते ऐकून घेत, ‘बघतो मॅडम’ म्हणत. आता ऑफर आली की त्याच आठवड्यात, त्याच तालुक्यातली, आधीच तिथे नोकरी करणारी मुलगी त्यांच्याशी बोलते. परवा एका वडिलांनी स्पीकरवरच तिला विचारलं, “बाळा, रात्रपाळी असली तर गाडी दारापर्यंत येते का कोपऱ्यावर सोडते?” ती म्हणाली, “काका, दारापर्यंत. आणि पहिल्या महिन्यात मी माझ्या रूमवर तिला जागा ठेवलीय.” त्यानंतर त्यांनी पगाराचं विचारलं.